बाबांची जुनी ऑटोमॅटिक: सिग्नलला खडखड, पन्नासच्या पुढे घूंऽऽ

उन्हाळी_वाळवण
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. असा धागा आधी निघाला असेल तर खुशाल तिकडे हाकला, मला शोधून सापडला नाही.

गाडी बाबांची. २०१० सालची जपानी सेडान, पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी) नाही आणि एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र हलवतं) तर नाहीच. १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. गुडघ्यांमुळे क्लच झेपेना म्हणून बाबांनी घेतली होती. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते फारशी चालवत नाहीत, म्हणून ती माझ्याकडे आली. रोजचा रस्ता कोथरूड ते हडपसर, म्हणजे अर्धा वेळ गाडी उभीच.

दोन महिन्यांपासून सिग्नलला डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) ब्रेक दाबून थांबले की खालून खडखड येते. डब्यात चार खिळे टाकून हलवावेत तशी. गाडी निघाली की खडखड थांबते. दुसरं म्हणजे ५०-५५ च्या पुढे एक घूंऽऽ सुरू होतं, लांबून येणाऱ्या ट्रकसारखं. मागच्या महिन्यात ताम्हिणीतून जाताना आई म्हणाली, "मागच्याला पुढे जाऊ दे बाई." मागे कुणीच नव्हतं.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी पार्किंगमध्येच दोनदा पुढे-मागे केली आणि सांगितलं, "कन्व्हर्टर गेला, गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागेल, ९२ हजार." गाडीला आज दोन लाख तरी मिळतील का, शंका आहे. बाबा म्हणतात, "माझ्याकडे होती तेव्हा आवाज नव्हता." म्हणजे दोष माझ्या पायात.

गिअर मात्र छान पडतात. झटका नाही, घसरणं नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. काय करू?

खवचट_खारूताई
रविवार, रात्री ९:५८

म्युझिक सिस्टिम मोठी बसवा. १२ हजारांत काम होईल.

(हलके घ्या. पण गिअर नीट पडत असताना ९२ हजार? पळा तिथून.)

घाटवाट
रविवार, रात्री १०:२५

पंधरा वर्षांच्या ऑटोमॅटिकवर पैसे घालू नका. विकून टाका, वर थोडे घालून नवीन एएमटी घ्या. माझ्या मेव्हण्याने गिअरबॉक्स उघडला, ८० हजार गेले आणि सहा महिन्यांनी परत तेच.

पाना_बारा_तेरा
रविवार, रात्री ११:१०

ताई, थांबा जरा. विकायचं नंतर बघू.

मी कोल्हापुरात ३१ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. ऑटोमॅटिकचा बॉक्स हात लावायला सगळ्यात शेवटची जागा. आवाज कसला आहे हे लोक सांगतात, खिळे, ट्रक, मांजर. त्याचा मला उपयोग कमी. आवाज कुणाबरोबर फिरतो ते सांगा. इंजिनबरोबर, चाकाबरोबर, की गिअरबरोबर? गाडीत फिरणारी हीच तीन खाती आहेत. एक धरून ठेवायचं, दुसरं बदलायचं आणि ऐकायचं.

तुमचे आवाज दोन आहेत. एक उभ्या गाडीत, एक पळत्या गाडीत. त्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं धरून चालू नका. त्या गॅरेजवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात घातले, म्हणून आकडा ९२ झाला.

उद्या एवढं करा. गाडी वीस मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी लावा, हॅन्डब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. एसी बंद, काचा खाली. ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह), प्रत्येकात दहा सेकंद ऐका. खडखड कुठे आहे, कुठे नाही, कागदावर लिहा. मग फक्त पी आणि एनमध्ये हळूहळू १५०० पर्यंत रेस करा. कुठल्या आरपीएमला आवाज जातो तेही लिहा.

आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बघा. पातळी कशी बघायची ते मॅन्युअलमध्ये वाचूनच, कारण काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत गरम करून बंद केल्यावर लगेच. उलटं केलं की कमी असलेलं भरलेलं दिसतं. जास्त भरलं तरी आत फेस होतो आणि फेसानेही पंप रडतो.

सावलीतली_डुलकी
सोमवार, सकाळी ७:०५

काकांशी सहमत. एटीएफबद्दल थोडी भर: पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकून बघा. लालसर-तपकिरी म्हणजे वयोमानाने ठीक. काळं आणि जळका वास म्हणजे आतले क्लच जळलेत. आणि स्ट्रॉबेरी मस्तानीसारखं गुलाबी दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी एटीएफमध्ये शिरलंय, मग गाडी अजिबात चालवू नका.

उन्हाळी_वाळवण
सोमवार, रात्री १०:३०

गृहपाठ केला. बाबा शेजारच्या सीटवर वही घेऊन बसले होते आणि परीक्षकासारखे गुण देत होते.

थंड गाडी: काहीच नाही.
गरम, पी: खडखड आहे!
आर: आहे, पण जाड.
एन: आहे, पीसारखीच.
डी: आहे, जाड आणि थोडी मोठी.
पीमध्ये रेस: साधारण १३०० ला गायब. रेस सोडली की परत.

म्हणजे इतके दिवस मी "डीमध्ये येते" म्हणत होते ते चूक. सिग्नलला मी कधी एनमध्ये टाकतच नाही, त्यामुळे एनमध्ये ऐकलंच नव्हतं. लाज वाटली.

एटीएफची पातळी बरोबर आहे. टिश्यूवर तपकिरी लाल, जळका वास नाही. मस्तानी नाही.

पाना_बारा_तेरा
सोमवार, रात्री ११:०२

लाज कसली, गॅरेजवाल्याने तरी कुठे एनमध्ये ऐकलं?

बघा, आता किती गोष्टी बाद झाल्या. आवाज पी, एन, डी, आर सगळीकडे आहे, म्हणजे आतल्या गिअरच्या दात्यांचा नाही. दाते खराब असते तर एखाद-दुसऱ्या गिअरमध्येच ओरडले असते. गाडी उभी असताना येतो, म्हणजे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर), एक्सल, चाक कुणीच नाही. राहिले इंजिनच्या वेगाने फिरणारे: एटीएफचा पंप, टॉर्क कन्व्हर्टर, आणि इंजिन व कन्व्हर्टर यांना जोडणारी पातळ पोलादी तबकडी, फ्लेक्स प्लेट. मॅन्युअल गाडीत फ्लायव्हील असतं ना, त्या जागेवर.

पंप तक्रार करतो तेव्हा कुईं करतो, आणि रेस वाढवली की सूर चढतो. तुमचा आवाज रेस केल्यावर जातो. पंप नव्हे.

माझा संशय फ्लेक्स प्लेटवर. एक तर तडा, नाही तर तिला कन्व्हर्टर ज्या बोल्टांनी बांधलेला असतो ते ढिले. स्लोला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता, इंजिन प्रत्येक ठोक्याला थोडं मागे-पुढे होतं, तेव्हा ढिली वस्तू वाजते. वेग वाढला की इंजिन एकसारखं फिरतं आणि वाजणं थांबतं. गरम झाल्यावरच येण्याचं कारणही साधं आहे. थंड इंजिनचं स्लो चढं असतं, गरम झालं की खाली येतं.

एक विचारतो. गिअरबॉक्स यापूर्वी कधी उतरवला होता का?

कंपनसंख्या
मंगळवार, सकाळी ८:४०

कामच आवाजाचं आहे (एका कंपनीत कंपनं मोजतो), म्हणून राहवलं नाही.

मोबाइलमध्ये आवाजाचा आलेख काढणारं कुठलंही मोफत ॲप घ्या. स्लोला आरपीएम ७५० असेल तर क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) सेकंदाला साडेबारा वेळा फिरतो. खडखडीचे ठोके सेकंदाला साडेबाराच्या आसपास मोजले गेले तर क्रँकच्या एका फेरीला एक ठोका, म्हणजे क्रँकला बांधलेलं काहीतरी. व्हॉल्व्हचा आवाज याच्या अर्ध्या गतीने येतो, कारण कॅमशाफ्ट अर्ध्या वेगाने फिरतो.

आता घूंऽऽ. तुमच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरू. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जेमतेम ९ फेऱ्या मारतं. घुमण्यात ९ च्या लयीचं ढवळणं ऐकू येत असेल, घूं-घूं-घूं असं, तर चाकाकडे बघा. ती लय वेगाबरोबर बदलते, गिअर बदलला तरी नाही.

खवचट_खारूताई
मंगळवार, सकाळी ९:१५

सकाळी सकाळी गणित. प्रतिसादाला ट्रिगर वॉर्निंग टाका.

एडिसनकर
मंगळवार, सकाळी ९:५०

इकडे न्यू जर्सीत ऑटोमॅटिकच सगळ्या, त्यामुळे हे दुखणं घरोघरी. आमच्या जुन्या मिनीव्हॅनला अशीच टकटक होती. इथल्या मेकॅनिकने सांगितलं, इंजिनचं कनेक्टिंग रॉड बेअरिंग गेलं, गाडी भंगारात द्या. दुसऱ्याने खालचं तपासणीचं झाकण काढून टॉर्च मारला तर फ्लेक्स प्लेटला बोल्टाच्या भोकापासून तडा. दोन्ही आवाज कानाला जुळ्या भावांसारखे असतात. गाडी आणखी चार वर्षं चालली, मुलीने तिच्यावरच लायसन्स काढलं.

फरक कळायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप लावा. आवाज तेलाच्या चेंबरपाशी मोठा की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी, ते बघा.

उन्हाळी_वाळवण
बुधवार, रात्री ११:२०

काका, तुम्ही ज्योतिषी आहात का? बाबांनी फाइल काढली (ते पेट्रोलच्या पावत्याही ठेवतात). दोन वर्षांपूर्वी इंजिनच्या मागच्या बाजूने तेल गळत होतं म्हणून क्रँकचं मागचं ऑइल सील बदललं, तेव्हा गिअरबॉक्स उतरवला होता. काम भलत्याच गॅरेजात केलं होतं, तेव्हा अर्ध्या दिवसात गाडी मिळाली म्हणून बाबा खूश होते.

स्टेथोस्कोप नाही, पण माळ्यावर जुन्या मच्छरदाणीची काठी सापडली. एक टोक गाडीला, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून अंगठा कानामागच्या हाडाला. ओढणी आधीच काढून ठेवली होती आणि पट्ट्यांच्या बाजूला गेलेच नाही, ओरडू नका. व्हॉल्व्ह कव्हरवर नुसती शिलाई मशीन. बॅटरीच्या खालच्या बाजूला, जिथे इंजिन संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो, तिथे काठी टेकवली आणि अक्षरशः दचकून हात काढला. कुणीतरी आतून दार ठोठावतंय तसं.

ठोके: ॲपमध्ये १२ ते १३ च्या मध्ये.

घूंऽऽ मात्र अजून तसंच आहे, ते बघायला रविवारी सकाळी बाहेर पडेन.

पाना_बारा_तेरा
बुधवार, रात्री ११:४१

अर्ध्या दिवसात बॉक्स उतरवून, सील टाकून, परत चढवून गाडी दिली? मी असतो तर दीड दिवस घेतला असता. जाऊ दे, ज्याचं त्याच्यापाशी.

त्या ९२ हजारवाल्याकडे जाऊ नका. कुठल्याही चांगल्या फिटरला सांगा: रॅम्पवर घ्यायची, बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावरचं कवच) खालचं झाकण काढायचं, पुढून क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. एकेक बोल्ट झाकणासमोर येतो. प्रत्येकाला पाना लावून बघायचा, टॉर्चने भोकांच्या कडा बघायच्या. अर्ध्या तासाचं काम. नुसते ढिले असतील तर तिथेच आवळून सुटका. तडा असेल तर बॉक्स उतरवावा लागेल, पण खोलावा लागणार नाही. उतरवणं आणि खोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पावतीवरही.

तोवर लांब जाऊ नका. प्लेट फुटली तर गाडी असेल तिथेच उभी राहते.

घूंऽऽसाठी मोकळ्या रस्त्यावर ६० ला गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झोलवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक डाव्या चाकाचं बेअरिंग. वळणाने फरक पडला नाही, पण ॲक्सिलेटर दाबला-सोडला की सूर बदलत असेल, तर डिफरन्शियलचा विचार करू.

सावलीतली_डुलकी
गुरुवार, दुपारी १:३०

टायरही बघा. तळवा टायरवरून पुढून मागे आणि मागून पुढे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर असमान झिजलाय, तोही डिट्टो बेअरिंगसारखा घुमतो. मी त्यापायी दोन बेअरिंग फुकट बदलली आहेत.

घाटवाट
गुरुवार, दुपारी २:१०

मेव्हण्याला धागा पाठवला. वाचून गप्प बसलाय.

उन्हाळी_वाळवण
रविवार, संध्याकाळी ६:१५

सकाळी सहाला निघाले. (लांब नाही काका, पाषाणच्या पुढे जाऊन परत.) उजवीकडे झोलवली की घूंऽऽ मोठं, डावीकडे झोलवली की जवळजवळ बंद. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. टायर दोन्ही दिशांनी गुळगुळीत. एके ठिकाणी रस्त्याकडेला लांबलचक सिमेंटची भिंत आहे. तिच्या कडेने डावी काच उघडून गेले तर आवाज भिंतीवरून परत कानात, पुढच्या चाकाच्या बाजूने अगदी साफ.

मग फिटरकडे. तरुण मुलगा आहे, धागा वाचायला दिला तर म्हणाला, "हे काका कोण आहेत?" डावं पुढचं चाक उचलून एका हाताने फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. मलाही ठेवायला लावला. खरखर थेट बोटांत येते! उजव्याला काही नाही.

मग झाकण काढलं. सहा बोल्ट. पहिला घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा पाना लावायच्या आधी बोटाने फिरला. चौथ्याला पाव फेरी. पाचवा-सहावा ठीक. माझा जीव भांड्यात पडणार इतक्यात त्याने टॉर्च तिरपा धरला. तिसऱ्या बोल्टाच्या भोकाची कडा चकचकीत घासलेली, आणि तिथून केसाएवढी रेघ, पेराएवढी लांब. नखाने अडकते.

म्हणजे उतरवणं आलं.

पाना_बारा_तेरा
रविवार, रात्री ८:५०

नखाने अडकली म्हणजे तडाच. वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटेल, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. प्लेट नवीनच घ्या, बोल्ट पण नवीन.

बॉक्स खाली आहे तेव्हा ते मागचं सील बदलून टाका, किंमत किरकोळ आणि मजुरी फुकट.

आता नीट वाचा, आणि त्या पोरालाही वाचायला द्या. परत चढवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलाच पाहिजे. हाताने फिरवत फिरवत आत ढकलला की टक, टक असा टप्प्याटप्प्याने आत जातो. बेल हाउसिंग इंजिनला हाताने टेकलं पाहिजे, आणि टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. टेकत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढून घेतलं की पंप फुटतो, आणि तेव्हा ते ९२ हजार खरोखर लागतात. मी माझ्या तरुणपणी एक पंप असा फोडलाय. बॉक्स गिऱ्हाइकाचा होता, पैसे माझे.

बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. एटीएफ कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. "सगळ्यात चालतं" असं लिहिलेला डबा नको.

कट्ट्यावरचा_शहाणा
सोमवार, सकाळी १०:०५

एटीएफ बदलणारच आहात तर मशीनने पूर्ण फ्लश करून घ्या ना. जुनं सगळं निघून जाईल.

पाना_बारा_तेरा
सोमवार, सकाळी १०:४०

यावर दोन मतं आहेत. माझं मत: इतकं चाललेल्या बॉक्सला दाबाने फ्लश नको, साचलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या वाटा उघडझाप करणारा भाग) जाऊन बसतो. प्लगमधून काढायचं, निघालं तेवढंच भरायचं. एका वेळी सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून हजार-दोन हजार किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा करायचं. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर घाबरू नका, झीज आहे. धातूचे तुकडे बोटाला टोचले तर मला फोटो टाका.

उन्हाळी_वाळवण
पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ९:००

झालं. प्लेट नाना पेठेत तयार नव्हती, दुकानदाराने मागवून दिली, चार दिवस लागले. कुणाला उपयोग होईल म्हणून हिशेब:

फ्लेक्स प्लेट ७,४००, सहा बोल्ट ७२०, मागचं सील ९५०, एटीएफ ३,२००, बॉक्स उतरवून चढवायची मजुरी ९,५००, डावं बेअरिंग मजुरीसह ४,६००. एकूण २६,३७०.

चुंबकावर राखाडी लोणी. टोचलं काही नाही.

कन्व्हर्टर बसवताना बाबा तिथेच स्टुलावर बसले होते. पोराने ढकलला, टक. फिरवला, टक. तो म्हणाला, "बसला." बाबा म्हणाले, "काकांनी टप्पे सांगितलेत, अजून एकदा बघ." त्याने परत फिरवून ढकलला आणि खरंच आणखी एक टक झालं. पोराने बाबांकडे बघितलं ते मी विसरणार नाही.

जुनी प्लेट घरी आणली आहे. आज रेघ पूर्ण दिसते, झाकणातून दिसली होती त्याच्या दुप्पट लांब.

एडिसनकर
रविवार, पहाटे ४:३०

त्या तिसऱ्या टकसाठी बाबांना साष्टांग.

घाटवाट
रविवार, सकाळी ११:१५

विकून टाका म्हणालो होतो, शब्द मागे घेतो. जाता जाता: आमची नवीन एएमटी सकाळी ड्रायव्हरचं दार उघडलं की, चावी न लावताच, दोन-तीन सेकंद घुर्र करते. हे काय आता? वॉरंटी आहे अजून.

पाना_बारा_तेरा
रविवार, सकाळी ११:३२

क्लच आणि गिअर हलवायला त्यात तेलाचा छोटा पंप असतो. दार उघडलं की तो दाब तयार करून ठेवतो. नॉर्मल आहे. घुर्र यायचं बंद झालं तर मात्र सांगा.